औषध तेच, अंतर वेगळे

“डॉक्टरसाहेब, घरी लग्न आहे; केमोथेरपीचा पुढचा डोस आठ दिवस उशिरा घेतला तर चालेल ना?” इंदुरात लग्नसराई आली की हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या कानी पडतो. पूर्वी मी सहज होकार देत असे. त्या होकाराने कोणते गणित बिघडते, हे मला नंतर वाचनातून उमगले.

१८२५ साली बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज विमागणितज्ञाने मानवी मृत्युदराचे सूत्र मांडले. त्याच स्वरूपाची वक्ररेषा गाठींच्या वाढीतही आढळते. मोठ्या गाठीची वाढ मंदावते. लहान अवशेष मात्र झपाट्याने दुणावतो. १९७७ मध्ये अमेरिकेतील लॅरी नॉर्टन व रिचर्ड सायमन यांनी यावरून असे अनुमान काढले, की दोन डोसांमधील काळात उरलेल्या पेशी वेगाने वाढतात; म्हणून ते अंतर कमी करावे.

लसिकाग्रंथींपर्यंत पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या सुमारे २००० रुग्णांवरील अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. औषधे व मात्रा त्याच. अंतर तीनऐवजी दोन आठवडे, आणि श्वेतपेशी सावरण्यासाठी फिलग्रास्टिम. चार वर्षांनंतर रोगमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण ७५ ऐवजी ८२ टक्के आढळले.

हे वेळापत्रक सर्वच कर्करोगांना लागू नाही, आणि श्वेतपेशी घटल्यास थांबणे भागच असते. परंतु लग्नाच्या मुहूर्तासाठी डोस पुढे ढकलू पाहणाऱ्या रुग्णाला मी आता ती वक्ररेषा कागदावर काढून दाखवतो.