कोब्यावरचा लेप

काँक्रीटचा कोबा दिसतो घट्ट, पण त्याला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून तेल आत मुरते, खालची ओल वर येते आणि घासून घासून सिमेंटची भुकटी सुटते. गाडीच्या गॅरेजला किंवा वर्कशॉपला म्हणूनच लेप लागतो.

लेप निवडताना तिथे काय चालते ते आधी पाहावे. उदाहरणार्थ, पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या शिक्षणात वेल्डिंगही आहे. अशा जागी इपॉक्सी ठिणग्यांनी करपतो. तिथे कोब्यातच मुरून तो कठीण करणारे सिलिकेटचे द्रावण बरे. गाडी उभी करायची असेल तर दोन भागांचा इपॉक्सी चालतो. मात्र तो उन्हाने पिवळा पडतो, म्हणून दाराशी वरून पॉलियुरेथेनचा हात द्यावा. साधा ऑइलपेंट स्वस्त, पण गरम टायरला चिकटून निघतो.

लेप टिकतो तो पूर्वतयारीवर. नवा कोबा साधारण 28 दिवस मुरू द्यावा. प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. खाली दव धरले तर ओल आहे, लेप थांबवावा. गुळगुळीत घोटलेला थर ग्राइंडरने खरवडावा, तेलाचे डाग धुवावेत. पाण्याचा थेंब जिथे जिरत नाही, तिथे लेपही धरत नाही.

उन्हाळ्यात रेझिन व हार्डनर मिसळल्यावर मिश्रण लवकर घट्ट होते. सकाळी थोडे-थोडेच कालवून रोलरने दोन पातळ हात द्यावेत. गाडी आठवडाभर बाहेरच.