काजळीचं मूळ हवेत की इंधनात?

धूर दिसला की आपण हवा कमी पडली असं म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. रॉकेलच्या ज्योतीत इंधनाची वाफ प्राणवायूला भेटण्याआधीच तापून फुटते. तुकड्यांतून बेंझिनसारखी कार्बनची वलयं बनतात, वलयाला वलय जुळत जातं आणि अवघ्या काही नॅनोमीटरचे कण जन्मतात. ज्योतीचा पिवळा उजेड मुख्यतः या तापल्या कणांचाच. ज्या इंधनात अशी वलयं, म्हणजे ॲरोमॅटिक रेणू, आधीपासूनच असतात, त्याला काजळीची वाट जवळची. म्हणून तर विमानाचं इंधन आजही वातीच्या दिव्यात तपासतात: धूर न सोडता ज्योत किती मिलिमीटर चढते? (चाचणी जुनाट, पण बोलकी.)

इंजिनात हवा मुबलक असते, मग इंधनाला दोष का, असं कोणी विचारेल. पण फवाऱ्यातल्या थेंबांभोवती क्षणभर तुटवडा असतोच. नासा आणि जर्मन संशोधकांनी उडत्या विमानामागे मोजमाप केलं. कमी ॲरोमॅटिक इंधनाने काजळीचे कण ५० ते ७० टक्क्यांनी घटल्याचं २०२१मध्ये प्रसिद्ध झालं. मग ॲरोमॅटिक पूर्णच का काढू नयेत? कारण जुन्या विमानांतली रबरी सीलं त्यांच्यामुळेच फुगून घट्ट बसतात. ती आकसली तर इंधन गळेल. सीलं फुगवणारे, पण काजळी कमी करणारे सायक्लोअल्केन रेणू त्यासाठीच तपासले जात आहेत.