जाता जाता वीज

ओझरला विघ्नहराच्या देवळाजवळ घाटावर उभं राहिलं की समोर पसरलेलं पाणी कुकडीचं. नदी मात्र इथे वाहत नाही. येडगाव धरणाचा फुगवटा गावाला येऊन टेकला आहे. बोटीतून फेरी मारणाऱ्या भाविकांना कदाचित ठाऊक नसेल, पण या पाण्यातला काही हिस्सा इथे पोचण्याआधी वीज तयार करून आलेला आहे.

कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. त्यांत येडगाव हे साठवणीपेक्षा गोळा करून वाटण्याचं ठिकाण. माणिकडोहचं पाणी कुकडीच्या पात्रातून खाली येतं, घोडनदीवरच्या डिंभ्याचं डाव्या कालव्याने येतं आणि मग येडगावहून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. माणिकडोहच्या पायथ्याशी ६ मेगावॉटचं आणि डिंभ्याच्या पायथ्याशी ५ मेगावॉटचं वीजगृह आहे. जलसंपदा विभागाने बांधायचं आणि महानिर्मितीने चालवायचं, अशी यातली वाटणी.

कोयनेच्या १,९५६ मेगावॉटपुढे हे ११ मेगावॉट म्हणजे हिशेबातली पैची चूक. पण फरक नुसता आकाराचा नाही. कोयनेचं पाणी विजेसाठीच सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं. त्याच्यापुढे दुसरं काम ठेवलेलं नव्हतं. डिंभे-माणिकडोहचं पाणी शेतीचं. ते कधी सोडायचं आणि किती, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं, आणि त्या बैठकीत मेगावॉटचा विषय निघालाच तर शेवटी निघतो. आवर्तन सुटलं की टर्बाइन फिरणार, बंद झालं की थांबणार. डिंभे आणि माणिकडोह जोडण्याच्या बोगद्यावरून आंबेगाव विरुद्ध खालचे तालुके असा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात जुन्नर, नगर, सोलापूर सगळे बोलतात, टर्बाइनला कोणी विचारत नाही. या भागातलं टर्बाइन दुसऱ्याच्या कामावर जाता जाता आपलं काम उरकून घेतं, आणि मला त्याचं अप्रूप वाटतं ते याचसाठी.

हिशेब सोपा आहे. पाणी किती उंचीवरून पडतं आणि सेकंदाला किती पडतं, यांचा गुणाकार. समजा ४० मीटरची उंची आणि सेकंदाला १५ घनमीटर पाणी, तर सगळी गळती-घर्षणं वजा जाता ५ मेगावॉटच्या आसपास वीज हाती लागते. पण धरणाची पातळी पावसाळ्यानंतर उतरत जाते आणि उन्हाळी आवर्तनापर्यंत ती उंचीच शिल्लक राहत नाही. म्हणजे पाणी तितकंच सोडलं तरी वीज कमी. त्यामुळे असं यंत्र तयार मिळत नाही. या धरणाची कमाल पातळी, किमान पातळी, कालव्याची क्षमता हे कागद कंपनीकडे जातात आणि त्यावरून रनरची पाती आखली जातात. उंची फार असेल तर पेल्टनचं चाक, मध्यम असेल तर फ्रान्सिस, कमी उंचीला भरपूर पाणी असेल तर काप्लान. खोपोलीला १९१५ साली टाटांनी वीजगृह सुरू केलं तेव्हा पेल्टनची चाकं परदेशातूनच आणावी लागली.

स्वातंत्र्यानंतर हे बदलायचं ठरलं. १९५६ साली भोपाळच्या कारखान्यासाठी ब्रिटनच्या एईआयच्या मदतीने हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी निघाली. १९६४ साली भेल निघाली. तिच्याकडे हरिद्वारला सोव्हिएत मदतीने आणि हैदराबादजवळ रामचंद्रपुरमला चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने उभे राहिलेले कारखाने आले, आणि १९७४ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. पाण्यावरची टर्बाइनं भोपाळचा हातखंडा. खासगी कंपन्यांत बंगळुरूच्या त्रिवेणी टर्बाइनची गोष्ट आपल्या भागाला जवळची. तिचं मूळ घराणं साखरेचं, त्रिवेणी इंजिनिअरिंग. १०० मेगावॉटपर्यंतची वाफेची टर्बाइनं ती करते. साखर करणाऱ्यांनी टर्बाइन करायला घ्यावं यात नवल नाही, कारण साखर कारखाना हे मुळात वाफेचंच घर.

हे पाहायला ओझरपासून लांब जावं लागत नाही. जवळच निवृत्तीनगरला विघ्नहर सहकारी साखर कारखाना आहे. संस्थापक निवृत्तीशेठ शेरकर यांचं नाव त्या जागेला मिळालं. गव्हाणीत मोळी पडली की रस एका वाटेला आणि चिपाड, म्हणजे बगॅस, दुसऱ्या वाटेला. शंभर टन उसामागे २८ ते ३० टन बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. तो ओलाच बॉयलरमध्ये जातो. पूर्वी कारखान्यांचे बॉयलर २१ बार, ३२ बार दाबाचे असत आणि त्यावर कारखान्याची गरज भागली की झालं. मग ६७, ८७, ११० बारचे बॉयलर आले, वाफेचं तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं, आणि तेवढ्याच बगॅसमधून विकण्याइतकी वीज निघू लागली. हीच सहवीजनिर्मिती.

इथेही टर्बाइन वाटेवरचंच. रस आटवायला लागते ती दोन-अडीच बारची मवाळ वाफ. बॉयलरमधून जबरदस्त दाबाने निघालेली वाफ थेट बाष्पीभवन पात्रांना दिली तर तो दाब नुसता वाया. म्हणून मधे टर्बाइन बसवायचं: वरचा दाब त्याने खाऊन टाकायचा, आणि एक्झॉस्टची वाफ पुढे रसाखाली. उरलेली कंडेन्सरकडे. रसाखाली जाणाऱ्या वाफेचा खरा ऐवज तिच्या सुप्त उष्णतेत असतो आणि तो जवळजवळ सगळा साखरेच्या वाट्याला येतो. एकाच बगॅसमध्ये दोन कामं होतात, आणि कारखानदारीतली इतकी साधी, इतकी चोख काटकसर मला दुसरी माहीत नाही.

यंत्राच्या जवळ गेलं की मोठेपणापेक्षा नाजूकपणा डोळ्यांत भरतो. कारखान्यातलं मध्यम टर्बाइन मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतं. गिअरबॉक्स ते १,५०० वर आणतो, कारण चार ध्रुवांच्या ऑल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी तेवढेच हवेत. धरणाखालचं यंत्र त्यामानाने सुस्त. वीस ध्रुव असले तर ३०० फेऱ्यांत भागतं. रोटर आणि केसिंग यांच्यातली फट काही ठिकाणी मिलिमीटरच्याही आत. त्यामुळे गरम टर्बाइन बंद करून तसंच सोडून देता येत नाही. वरची बाजू खालच्यापेक्षा गरम राहते आणि रोटरला बाक येतो. म्हणून बंद केल्यावरही बॅरिंग गिअर लावून तो तासन् तास हळूहळू फिरवत ठेवायचा. वीज गेली तरी बेअरिंगना तेल मिळावं म्हणून बॅटरीवरचा पंप वेगळा.

यंत्र फिरवणं सोपं, ग्रिडला जोडणं अवघड. पॅनेलवर सिंक्रोस्कोपचा काटा फिरत असतो. आपला वेग किंचित जास्त असेल तर तो घड्याळाच्या दिशेने सावकाश सरकतो. काटा बाराजवळ येता येता ब्रेकर मारायचा. वेळ चुकली तर शाफ्टला असा हिसका बसतो की कपलिंगची खैर नाही. आता हे काम रिले करतो, तरी जुना ऑपरेटर नजर काट्यावरच ठेवतो. धरणाखाली आणखी एक पंचाईत: लाइन गेली की यंत्राचा भार एकदम सुटतो, वेग वाढतो, आणि झटक्यात पाणी तोडावं तर पाइपात धक्का बसतो. दारं बेताने मिटावी लागतात. शिवाय टर्बाइन ट्रिप झालं म्हणून कालवा कोरडा पडून चालत नाही, पाणी दुसऱ्या वाटेने सोडावंच लागतं. यंत्राचा दर्जा त्या क्षणी कळतो.

तयार झालेली वीज ग्रिडमध्ये गेली की ती आपली राहत नाही. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला थ्री-फेज वीज मिळते ती महावितरणच्या वेळापत्रकाने, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत उसाला पाणी द्यायला जायचं म्हणजे बिबट्याच्या वाटेत जायचं. उसानेच बिबट्याला घर दिलं, आणि त्याच माणिकडोहच्या परिसरात आज बिबट्या निवारण केंद्र आहे. ज्या उसाच्या चिपाडावर टर्बाइन फिरतं तो ऊस भिजवायला माणूस अंधारात काठी-बॅटरी घेऊन निघतो. दिवसा वीज द्या, ही इथली मागणी चैनीची नाही.

त्यावरचा सरकारी तोडगा सौर कृषी वाहिनीचा, ज्यात फिरणारं काहीच नाही. सौर विजेचे दर उतरल्यापासून सहवीजनिर्मितीच्या करारांवर दाब आला. आधी ठरावीक दराने वीज विकणाऱ्या कारखान्यांना पुढे स्पर्धात्मक निविदेत उतरावं लागलं, आणि कर्ज काढून मोठे बॉयलर बसवलेल्या संचालक मंडळांची गणितं बिघडली. तक्रार खोटी नाही. पण वीज विकली गेली नाही तरी रस आटवायलाच हवा, वाफ करायलाच हवी, कारखान्याच्या मोटारी चालवायलाच हव्यात. निव्वळ विजेवर जगणारं यंत्र दर पडला की बंद पडतं. निवृत्तीनगरचं टर्बाइन गाळप चालू आहे तोवर फिरणार, आणि डिंभ्याचं आवर्तन सुटेल तेव्हा.