दोन औषधांची जोडी कशी ठरली?

अंडाशयाच्या कर्करोगावरील केमोथेरपी आणि तिच्यामागची परीक्षा

कर्करोगाचे नाव निघाले की आपल्या वस्त्यांत तीन वाक्ये हमखास कानावर येतात. केमो दिली की माणूस लवकर जातो. जितकी जास्त औषधे, तितका चांगला दवाखाना. आणि मोठ्या इस्पितळात गरिबांवर प्रयोग करतात. या तिन्ही समजुतींपायी आपल्या माता-भगिनी उपचार अर्धवट सोडतात, नाहीतर मुळात सुरूच करत नाहीत. म्हणून या अंकात आम्ही अंडाशयाच्या, म्हणजे ओव्हरीच्या कर्करोगाबद्दल लिहीत आहोत. भारतातील स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयाचे मुख यांच्यानंतर याच कर्करोगाचा क्रमांक लागतो.

हा आजार बहुतेक वेळा तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात सापडतो. तेव्हा तो अंडाशयातून पोटाच्या पोकळीत पसरलेला असतो. मग गाठी काढण्याची शस्त्रक्रिया आणि सलाईनमधून औषधे, असे दोन्ही करावे लागते. ही औषधे साधारणपणे दोन असतात: कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. मुंबईत, नागपुरात किंवा अमेरिकेत, कुठेही गेलात तरी बहुतेक रुग्णांची सुरुवात याच जोडीने होते.

ही जोडी कोणी ठरवली? कुणा एका नामवंत डॉक्टरच्या शब्दावरून ती ठरलेली नाही. हजारो स्त्रियांनी संमती देऊन भाग घेतलेल्या चाचण्यांतून ती तावून-सुलाखून निघाली. तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपण विहारात ऐकतो. कुणी मोठा सांगतो किंवा पूर्वापार चालत आले, एवढ्यावरून एखादी गोष्ट मानू नये; ती पारखून घ्यावी. औषधांच्या बाबतीत ही पारख कशी होते, ते पाहू.

एक धातू, एक झाड आणि नंदुरबारचा संशोधक

1965 साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते तपासत होते. जंतूंची वाढ होत होती, पण त्यांचे विभाजन थांबले होते. शोध घेतल्यावर कळले, की ही करामत विजेची नव्हती. वीज सोडण्यासाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या पदार्थाची ती होती. कर्करोग म्हणजे पेशींचे बेलगाम विभाजन. ते थांबवणारे औषध यातून मिळाले. त्याचे नाव सिस्प्लॅटिन. 1978 साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. कार्बोप्लॅटिन हे त्याच घराण्यातले पुढचे औषध.

दुसऱ्या औषधाचा धागा थेट आपल्या महाराष्ट्राशी जुळतो. 1962 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील जंगलातून यू नावाच्या सदाहरित झाडाची साल तपासणीसाठी गोळा केली गेली. त्या सालीतून कर्करोगाच्या पेशी मारणारा पदार्थ वेगळा काढून त्याची रचना शोधणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांपैकी एक होते मनसुख वाणी. त्यांचा जन्म 1925 सालचा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेला गेले. मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी 1971 साली हे संशोधन प्रसिद्ध केले. हेच पॅक्लिटॅक्सेल. ते कसे काम करते हे 1979 साली सुझन हॉरविट्झ यांनी दाखवून दिले. पेशी दोन भागांत विभागताना आतमध्ये बारीक तंतूंची मांडणी करते आणि काम झाले की ती मोडते. पॅक्लिटॅक्सेल ती मांडणी घट्ट धरून ठेवते. पेशीला पुढे जाता येत नाही आणि ती मरते.

प्लॅटिनमचे औषध पेशीच्या डीएनएमध्ये गाठी मारते आणि पॅक्लिटॅक्सेल तंतू अडवते. दोघांच्या वाटा वेगळ्या. म्हणून एकाला न जुमानणारी पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडेल, हा जोडीमागचा विचार. 1989 साली डॉ. विल्यम मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी इतर औषधे थकलेल्या 40 स्त्रियांना पॅक्लिटॅक्सेल दिले. त्यांपैकी 12 जणींच्या गाठी लक्षणीय आटल्या. आशा वाटावी असा हा आकडा होता, पण आशा म्हणजे पुरावा नव्हे.

410 स्त्रिया, दोन गट

पुराव्यासाठी तुलना लागते. 1990 ते 1992 या काळात अमेरिकेतील गायनेकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रुप या संस्थेने 410 स्त्रियांची चाचणी घेतली. सर्वांचा कर्करोग पुढच्या टप्प्यातला होता आणि शस्त्रक्रियेनंतरही पोटात एक सेंटिमीटरहून मोठ्या गाठी उरल्या होत्या. एका गटाला त्या काळची प्रचलित जोडी दिली, सिस्प्लॅटिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. दुसऱ्या गटाला सिस्प्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा डोस.

कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांनी ठरवले नाही. भिशीत जशी चिठ्ठी निघते, तशी ही विभागणी झाली. कारण डॉक्टरने निवड केली असती, तर नकळत तो धडधाकट बाईला नवे औषध देऊन बसला असता. मग नवे औषध चांगले की ती बाईच मुळात सशक्त, हे कधीच कळले नसते. दुसरी गोष्टही ध्यानात घ्या. कोणत्याही गटाला उपचाराविना ठेवले नव्हते. ज्यांना नवे औषध मिळाले नाही, त्यांना त्या वेळचा मान्य उपचार मिळत होता.

1996 साली निकाल प्रसिद्ध झाला. मोजता येतील अशा गाठी असलेल्या स्त्रियांमध्ये जुन्या जोडीने 60 टक्के जणींच्या गाठी आटल्या, नव्या जोडीने 73 टक्के जणींच्या. जुन्या गटातील निम्म्या स्त्रिया 24 महिन्यांपेक्षा जास्त जगल्या. नव्या गटात हाच आकडा 38 महिने झाला. चौदा महिन्यांचा फरक. ज्या घरात लेकरू दहावीला आहे, त्या घराला चौदा महिन्यांचे मोल सांगावे लागत नाही. पुढे युरोप आणि कॅनडात 680 स्त्रियांच्या चाचणीतही नवी जोडीच सरस ठरली.

किंमतही मोजावी लागली. नव्या गटात केस अधिक गळले, पांढऱ्या पेशी अधिक घटल्या, ताप आणि ॲलर्जी यांचे प्रमाण वाढले. हे सगळे त्याच अहवालात लिहिलेले आहे. फायदा आणि त्रास दोन्ही मोजून सांगणे, ही प्रामाणिक चाचणीची खूण.

जास्त औषधे म्हणजे चांगला उपचार?

पुढचा प्रश्न होता, त्रास कमी करता येईल का? सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडाला इजा होते, उलट्या फार होतात. म्हणून सिस्प्लॅटिनच्या जागी कार्बोप्लॅटिन घालून सुमारे 800 स्त्रियांत तुलना झाली. 2003 च्या निकालाने दाखवले, की परिणाम कुठेही कमी पडत नाही आणि त्रास कमी होतो. शिवाय 24 तास चालणारे पॅक्लिटॅक्सेलचे सलाईन तीन तासांवर आले. आजची जोडी इथे पक्की झाली.

मग डॉक्टरांच्याही मनात तोच विचार आला, जो आपल्या मनात येतो. दोनाने एवढे होते, तर तिसरे औषध घातले तर? त्यासाठी 4312 स्त्रियांची मोठी चाचणी झाली. पाच गट केले. एका गटाला नेहमीची जोडी, बाकी चार गटांना त्यात आणखी एकेक औषध वेगवेगळ्या पद्धतीने. 2009 साली निकाल आला. तिसऱ्या औषधाने आयुष्य वाढले नाही, रक्तावरचे दुष्परिणाम मात्र वाढले. म्हणून कुणी “आम्ही जास्त औषधे देतो, म्हणून खर्च जास्त” असे सांगितले, तर विचारा: याने नेमका किती फायदा होतो, कोणत्या चाचणीत दिसला?

सगळ्या चाचण्यांची उत्तरे सारखीच येतात असेही नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, 2074 स्त्रियांच्या एका चाचणीत एकट्या कार्बोप्लॅटिनने किंवा जुन्या तीन औषधांच्या मिश्रणानेही जवळपास तेवढेच आयुष्य लाभले. त्या गटांतील काही जणींना आजार उलटल्यावर पुढे पॅक्लिटॅक्सेल मिळाले होते, हेही खरे. यातून एक उपयोगी गोष्ट हाती आली. फार अशक्त किंवा वयस्कर बाईला डॉक्टर कधी कधी एकटे कार्बोप्लॅटिन देतात. तो हलगर्जीपणा नसतो. जपानमध्ये पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला देऊन मोठा फायदा दिसला, पण युरोपातील चाचणीत तो दिसला नाही. पहिला निकाल कितीही चांगला असो, तो पुन्हा पारखावा लागतो.

प्रयोग आणि अन्याय

गरिबांच्या मनातील भीतीला इतिहास आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश हा गुप्तरोग उपचाराविना फक्त पाहत ठेवला गेला. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही. त्यांना खरे काय ते सांगितलेही नाही. ते लोक गरीब होते आणि काळे होते, म्हणून हे खपले. जातीची झळ सोसलेल्या आपल्या समाजाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

असा प्रयोग आणि वर सांगितलेली चाचणी यांत फरक आहे तो माणसाच्या होकाराचा आणि प्रतिष्ठेचा. तो होकार आज आपला कायदेशीर हक्क आहे. भारतात नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम 2019 लागू आहेत. त्यानुसार:

• चाचणीची माहिती आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळालीच पाहिजे. वाचता येत नसेल, तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर ती वाचून दाखवली पाहिजे.
• संमतीपत्राची प्रत मागून घ्या. कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही वा अंगठा देऊ नका.
• नकार देता येतो. मधूनच बाहेरही पडता येते. त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.
• चाचणीला नैतिकता समितीची परवानगी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद आहे.

विचारायचे प्रश्न सोपे आहेत. मला नवे औषध मिळाले नाही तर काय मिळेल? त्रास कोणते? रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा? हे विचारायला संकोच वाटत असेल, तर शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला सोबत न्या.

घराघरात लक्षात ठेवायचे

पोट सतत फुगलेले वाटणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे ही या आजाराची लक्षणे असू शकतात. गॅस, पित्त म्हणून ती अंगावर काढली जातात. असे काही नव्याने सुरू झाले आणि दोन-तीन आठवडे रोजच होत राहिले, तर डॉक्टरांना दाखवा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा. पाळी गेल्यानंतरच्या वयात तर टाळाटाळ नकोच. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते. तिच्यात अंडाशयाचा आजार कळत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, त्रास नसलेल्या स्त्रियांची रक्त आणि सोनोग्राफीने नियमित तपासणी करूनही या आजाराचे मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे शिबिरात पैसे भरून अशी तपासणी करण्यापेक्षा लक्षणांकडे लक्ष देणे महत्त्वाचे.

केमो सुरू असताना ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री इस्पितळ गाठा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेततो. हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना सांगा, डोस कमी-जास्त करता येतो. केस पुन्हा येतात. एका डोसानंतर बरे वाटले म्हणून, किंवा त्रास झाला म्हणून, स्वतःच्या मनाने पुढचे डोस बंद करू नका. चाचणीत जो फायदा दिसला, तो पूर्ण उपचाराचा आहे.

खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा उपचार समाविष्ट आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

अंगारा, गंडा, उतारा यांत गेलेले महिने परत येत नाहीत. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर महिला मंडळाने हे पान विहारात मोठ्याने वाचावे, अशी आमची विनंती आहे. ऐकणाऱ्यांत एखादी बाई पोटफुगी अंगावर काढत बसलेली असेल. तिला सोबत घेऊन सोमवारी दवाखान्यात जा.

जय भीम.