पावडरीवरची तांबडी रेघ

गाडी वडिलांची. २००४ सालची, डिझेलवर चालणारी. वडील गेल्यानंतर ती विकायचा विषय घरात दोन-तीनदा निघाला आणि दरवेळी आईच्या चेहऱ्याकडे पाहून मिटला.

गेल्या मे महिन्यात, वळवाच्या पावसाच्या सुमारास, टिळकवाडीतल्या घराच्या आवारात पुढच्या चाकाजवळ तांबूस डाग दिसू लागला. इंजिनचं जुनं तेल काळं असतं. हे तांबडं होतं, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं. बॉनेट उघडून छोट्या टाकीत तेल ओतलं की आठ-दहा दिवस निभायचं. चार महिने मी हेच केलं. सांगायला लाज वाटते, कारण स्टिअरिंगचा पंप त्याच तेलावर जगतो. तेल कमी पडलं की तो हवा ओढतो, कण्हतो, आणि तसाच चालवला तर आतून झिजतो. शिवाय हे तेल पेट घेणारं. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर गळलं तर आगही लागू शकते.

चवथीला आईला घेऊन पणजीला बहिणीकडे निघालो. चोर्ला घाटात एका वळणावर चाक एकदम जड झालं. पॉवर गेली तरी गाडी वळते, हे ऐकून होतो. किती जोर लावावा लागतो ते त्या उतारावर समजलं. समोरून ट्रक येत होता. आई काही बोलली नाही, फक्त डॅशबोर्डला हात टेकून बसली. पुढच्या रुंद जागी गाडी थांबवली, बाटलीतलं उरलेलं तेल टाकीत ओतलं आणि हळूहळू परत फिरलो. ती चवथ बहिणीने आमच्याविना केली.

बेळगावातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. खाली वाकून पाहणाऱ्याने दोन मिनिटांत निकाल दिला : रॅक गेला, नवा घाला, खर्च बत्तीस हजार. रॅक म्हणजे चाकं डावी-उजवीकडे ढकलणारा दांडा आणि त्याचं नळकांडं. तेल खरोखरच त्याच्याच टोकावरून ठिबकत होतं.

मग शहापुरातले आमचे जुने मिस्त्री आठवले. वडिलांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हाताखालची. ते म्हणाले, "काय ओ सर, तेल खाली पडालंय म्हणून खालचाच माल खराब म्हणायचं काय?"

त्यांनी रॅकच्या टोकाचं रबरी बूट मागे सारून दाखवलं. आत कोरडं. रॅकचं सील गेलं असतं तर बुटात तेल साठलं असतं. मग पंपापासून खालपर्यंत सगळं रॉकेलने धुतलं, हवा मारून सुकवलं आणि मला टाल्कम पावडरचा डबा आणायला पिटाळलं. मला थट्टाच वाटली! पण पावडर सगळ्या पाइपांवर आणि जोडांवर भुरभुरवून त्यांनी इंजिन चालू केलं. मी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होतो. टोकाला मात्र दोन-तीन सेकंदांवर धरू देईनात, कारण तिथे दाब सर्वांत जास्त असतो. स्वतः ते लांबूनच बॅटरी मारून बघत होते. बारीक छिद्रातून दाबाने उडणारं तेल कातडीत घुसतं, त्यामुळे चालू इंजिनवर पाइप हाताने चाचपायचा नसतो.

दहा मिनिटांत पांढऱ्या पावडरीवर तांबडी रेघ उमटली. पंपाशेजारी रबरी पाइप जिथे लोखंडी टोकात दाबून बसवलेला असतो, तिथून निघून ती पाइपावरून ओघळत रॅकपर्यंत आली होती. मूळ साधन पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, असं मी वर्गात इतिहासाच्या पोरांना वीस वर्षं सांगतो आहे.

क्लिप आवळून भागेल का, असं मी विचारलं. तेल परत टाकीत नेणाऱ्या पाइपाला चालतं, याला नाही. पंपातून निघणाऱ्या पाइपात ७०-८० बारपर्यंत दाब चढतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तिसेक पट. तिथे क्लिप काय टिकणार? पण आपलं गाव फाउंड्र्यांचं आणि हायड्रॉलिकचं. उद्यमबागेत जुनी लोखंडी टोकं ठेवून, तेवढा दाब सोसणारा आणि या तेलाला चालणारा नवा पाइप प्रेस करून मिळाला. जोडाचे तांब्याचे वायसर नवे घातले. तेल-मजुरी धरून २,७०० रुपये झाले.

मी मध्यंतरी गळती थांबवणाऱ्या औषधाची एक बाटलीही आणून ठेवली होती. मिस्त्रींनी ती फळीवर ठेवून दिली. "ते रबराचं सील फुगवतंय, फुटका पाइप नाही सांधत." टाकीत ब्रेक ऑइल तर कधीच ओतू नये, सीलं खराब होतात. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल घालायचं. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, चाक वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. पातळी उतरेल तसं तेल भरत गेलो. मग इंजिन चालू केलं, आणि टाकीतला फेस बसेपर्यंत मिस्त्रींनी गाडी सोडली नाही.

भाऊबीजेला पुन्हा पणजीला निघायचं ठरलं. आदल्या रात्री मी गाडीखाली एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी चहा घेऊन बाहेर आलो तर आई आधीच तिथे वाकून उभी. "कोरडा आहे," म्हणाली, आणि फराळाचे डबे आणायला आत गेली.