माळवदाच्या दुरुस्तीतील मोजमाप
माळवदाच्या दुरुस्तीतील मोजमाप : लाकडी खांब, तुळया, कड्या व फळ्या यांवर मातीचा जाड थर पसरून केलेल्या सपाट छपरास माळवद किंवा धाबे म्हणतात. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) व लातूर जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंतींची अशी जुनी घरे आढळतात. माळवदामुळे घर उन्हाळ्यात थंड राहते. परंतु गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी नवी माती टाकल्याने त्याचे वजन वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपाने धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरसह अनेक गावे उद्ध्वस्त झाली व ढिगाऱ्यांखाली हजारो माणसे दगावली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात पुनर्बांधणीबरोबरच उभ्या राहिलेल्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण यांचाही समावेश होता. अशा कामात मोजमापातील चूक केवळ सामान वाया घालविते असे नाही. तिच्यामुळे भाराचा अंदाजच चुकतो.

मातीचा थर : थराची जाडी सर्वत्र सारखी नसते. पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार व वाकलेल्या कड्यांवर साचलेली भर यांमुळे कडेला ३० सेंमी. दिसणारा थर मध्यभागी ६० सेंमी. असू शकतो. कोरड्या मातीचे वजन दर घ. मी.ला सुमारे १,६०० किग्रॅ. धरल्यास ३० सेंमी. जादा थराचे वजन दर चौ. मी.ला ४८० किग्रॅ. होते, ओल्या मातीचे याहून अधिक भरते. म्हणून निरनिराळ्या ठिकाणी फळीपर्यंत खड्डे घेऊन जाडी मोजावी लागते.

गाळा व लाकूड : एकसारख्या भाराखाली तुळईवरील नमन-परिबल गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.३ मी. गाळा चुकून ३ मी. धरला, तर प्रत्यक्षातील परिबल हिशेबाहून २१ टक्के अधिक भरते. लाकडाची ताकद त्याच्या उंचीच्या वर्गावर अवलंबून असते, १५ सेंमी. उंचीच्या तुळईचा १.५ सेंमी. भाग वाळवीने पोखरला असल्यास सु. १९ टक्के ताकद कमी होते. यास्तव पोकळ भाग टोचून पाहून शाबूत लाकडाचेच माप घेतात. भिंतीत दडलेली टोके उघडून पाहिल्याशिवाय टेकणीचे माप निश्चित होत नाही.

मोजण्याची रीत : जुन्या भिंती क्वचितच समांतर असतात. त्यामुळे प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी किमान तीन ठिकाणी व दोन्ही कर्ण मोजतात. कर्ण असमान असल्यास खोली काटकोनी नाही हे उघड होते. जमीन उताराची असल्याने उंची जमिनीपासून न मोजता, पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने सर्व भिंतींवर आखलेल्या एकाच समपातळी रेषेपासून मोजतात. तुकड्या-तुकड्यांची मापे बेरजेत चुका साठवितात. म्हणून फीत एकाच आरंभबिंदूवर ठेवून सर्व अंतरे वाचतात. फुटांचे मीटरांत रूपांतर करताना १ फूट म्हणजे ३० सेंमी. धरल्यास १२ फुटांत ५.७६ सेंमी. तूट येते व कापलेली तुळई टेकणीवर अपुरी बसते.

मोजमापाचा क्रम : माती काढताच वाकलेल्या तुळया काही अंशी वर उचलल्या जातात. म्हणून प्रथम टेकू देऊन पूर्वस्थितीची मापे नोंदवितात. भार उतरविल्यानंतर तीच मापे पुन्हा घेतात आणि दुसऱ्या नोंदीवरून प्रत्येक तुळई स्वतंत्रपणे कापतात. एका खणाचे माप दुसऱ्यास लागू पडेल असे गृहीत धरणे हीच या कामातील नेहमीची चूक होय.