पाठीवरची अंधारखोली

छायाचित्रणाचा इतिहास बहुधा दोन अंगांनी लिहिला जातो: एक शोधांच्या अंगाने, म्हणजे कोणते रसायन आणि कोणते भिंग कोणत्या साली आले याची नोंद ठेवत, आणि दुसरा प्रत्यक्ष चित्रांच्या अंगाने, म्हणजे कोणी काय टिपले आणि ते किती चांगले टिपले याची चिकित्सा करत. ते चित्र टिपण्यासाठी छायाचित्रकाराने बरोबर काय काय वागवले होते, त्याचे वजन किती होते आणि ते कोणाच्या खांद्यावर होते, ही तिसरी बाजू मात्र तळटीपेपलीकडे सहसा जात नाही. वस्तुतः कोणते दृश्य टिपता येईल आणि कोणते टिपता येणारच नाही, याचा निकाल अनेकदा घरातून निघतानाच, सामान बांधण्याच्या वेळी लागलेला असतो. त्यामुळे गेल्या पावणेदोनशे वर्षांत हे सामान कसकसे बदलत गेले हे पाहणे म्हणजे छायाचित्रकाराच्या नजरेवर कोणती बंधने होती हे पाहणे होय.

भारतात या विद्येचे संघटित स्वरूप प्रथम मुंबईत दिसते. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ या मंडळींत वावरू लागले. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, कॅप्टन थॉमस बिग्ज या तोफखान्यातील अधिकाऱ्याची विजापूर आणि आसपासच्या प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमणूक झाली. त्या काळात फिरतीवरच्या माणसापुढे दोन मार्ग होते. पहिला कागदी निगेटिव्हचा: रसायन लावलेल्या कागदावर उलटी प्रतिमा उमटवायची आणि तिच्यावरून सुलट प्रती काढायच्या. हा कागद आधी मेणात बुडवून घेतला तर तो कोरड्या अवस्थेत काही दिवस टिकत असे, वजनाला हलका असे आणि बैलगाडीत हादरे बसले तरी फुटत नसे. फक्त कागदाचे तंतू चित्रात उतरत आणि बारीक कोरीव काम किंचित धूसर येई. दुसरा मार्ग काचेचा होता आणि चित्राची सफाई हवी असणाऱ्यांनी तोच पत्करला.

काचेच्या या पद्धतीला ओल्या कलोडियनची पद्धत म्हणतात. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने ती १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. कलोडियन म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवून केलेला चिकट द्राव. तो आयोडाइडच्या क्षारासह स्वच्छ काचेवर ओतायचा, काच चारी कोपऱ्यांकडे कलती करून सगळीकडे सारखा पसरवायचा, मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशाला संवेदनशील करायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात परतून ती धुवायची. कलोडियन वाळले की सगळे फुकट जात असल्यामुळे हा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत, आणि उन्हाळ्यात त्याहूनही कमी वेळात, उरकावा लागे. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळते, हे लक्षात घेतले म्हणजे दख्खनच्या एप्रिल-मे महिन्यांत ही पद्धत वापरणे किती जिकिरीचे असेल याचा अंदाज येतो. थोडक्यात, छायाचित्रकार जेथे जाईल तेथे अंधारखोलीला त्याच्याबरोबर जावे लागे: तंबू, काचांच्या पेट्या, द्रावणांच्या बाटल्या, तबके, पाण्याची भांडी, प्रतिमा पक्की करणारा हायपो, वार्निश, आणि या सगळ्यात बिचारा कॅमेरा केवळ एक नग.

या ओझ्याचे सर्वात तपशीलवार वर्णन सॅम्युअल बोर्न याने केले आहे. १८६३ साली भारतात आलेल्या या छायाचित्रकाराने सिमल्याला व्यवसाय थाटला आणि १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात तीन मोठ्या मोहिमा काढून त्यांचे वृत्तान्त ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी या नियतकालिकात लिहिले. पहिल्या मोहिमेत सुमारे तीस हमाल होते. सामानात छत्रीसारखा उघडमीट होणारा, दहा फूट उंचीचा अंधारतंबू होता, आणि काचांचा साठा साडेसहाशेच्या घरात होता, पैकी अडीचशे काचा बारा इंच बाय दहा इंच आकाराच्या होत्या. मोठ्या काचांची जाडी दोन-अडीच मिलिमीटर धरली तरी एकेक काच चारशे ते पाचशे ग्रॅमची होते, म्हणजे नुसत्या मोठ्या काचाच शंभर किलोंच्या आसपास जातात. त्यावर लाकडी पेट्या, रसायने, छोट्या काचा आणि साहेबाच्या राहण्याजेवण्याचा सरंजाम वेगळाच. एवढी मोठी काच वागवण्याचे कारण असे, की त्या काळी निगेटिव्हवरून चित्र मोठे करण्याची सोपी सोय नव्हती आणि कागदावर जेवढे चित्र हवे तेवढीच काच लागे. तिसऱ्या मोहिमेत त्याने अठरा हजार फुटांहून उंच असलेल्या मनिरंग खिंडीत, गारठलेल्या बोटांनी हे सगळे उपचार पार पाडून चित्रे घेतली आणि इतक्या उंचीवरच्या छायाचित्रांचा तो विक्रम पुढे बरीच वर्षे अबाधित राहिला.

बोर्नची चित्रे नितांत सुंदर आहेत यात वाद नाही. परंतु त्याच्या लेखांत हमालांचा उल्लेख येतो तो मुख्यतः तक्रारीच्या सुरात: ते ओझी टाकून पळून जातात, आणि मग गावात शोध घेऊन त्यांना काठीचा प्रसाद दिला जातो, हे तो फारसा संकोच न बाळगता लिहितो. शंभर किलो काच बर्फातून नेणाऱ्या या माणसांपैकी एकाचेही नाव त्या चित्रांखाली आलेले नाही. ओझे वाहणारा वेगळा आणि चित्र घेणारा वेगळा असेपर्यंत सामान कमी करण्याची निकड चित्र घेणाऱ्याला भासत नाही, असा निष्कर्ष यातून काढला तर तो अन्यायाचा ठरू नये.

ते कमी केले ते शेवटी रसायनशास्त्राने. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, त्या दशकाच्या अखेरीस तयार प्लेटा बाजारात आल्या आणि तंबू, बाटल्या व तबके एका फटक्यात घरी राहिली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन याच्या कोडॅक कॅमेऱ्याने शंभर चित्रांची गुंडाळी आत भरून दिली आणि ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे परत पाठवण्याची सोय केली. १९२५ पासून लायका कॅमेरा विकला जाऊ लागला तेव्हा सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर छत्तीस चित्रे कोटाच्या खिशात मावू लागली. येथून पुढे बहुतेक छायाचित्रकार आपले सामान आपणच वाहू लागले आणि काय घ्यायचे यापेक्षा काय वगळायचे हा प्रश्न त्यांना रोज पडू लागला.

अर्थात वृत्तपत्रे आणि नियतकालिके मोठ्या निगेटिव्हला बराच काळ चिकटून होती. या सामानात एका चित्राची किंमत किती असे, हे १९४६ साली पुण्यात घडलेल्या प्रसंगावरून कळते. लाइफ या अमेरिकी साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट चरख्यावर बसलेल्या गांधीजींचे चित्र घ्यायला आल्या, तेव्हा आधी त्यांनी स्वतः सूत कातायला शिकावे अशी अट घालण्यात आली, आणि ती पुरी केल्यावर फ्लॅशचे फक्त तीन बल्ब वापरण्याची परवानगी मिळाली, कारण गांधीजींना तो झगमगाट रुचत नसे. त्या काळचा बल्ब एकदाच पेटत असे. तो पेटण्याचा क्षण आणि कॅमेऱ्याचे शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, उघडण्याचा क्षण यांचा मेळ बसला नाही तर बल्ब वाया जाई. पहिल्या बल्बला हा मेळ चुकला. दुसरा बल्ब नीट पेटला, पण फिल्मवरची झाकणपट्टी ओढून काढायची राहिली होती, त्यामुळे फिल्मपर्यंत उजेड पोचलाच नाही. तिसऱ्या बल्बने चित्र दिले. या पद्धतीत फिल्मचा एकेक सुटा तुकडा चपट्या खोक्यात भरलेला असे आणि प्रत्येक चित्रापूर्वी ही पट्टी काढणे व नंतर पुन्हा घालणे अनिवार्य असे, हे ध्यानात घेतले तर एवढ्या कसलेल्या छायाचित्रकर्तीच्या हातून झालेली चूक समजण्यासारखी आहे.

वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी याच जातीच्या सामानावर उमेदीची वर्षे काढली. नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या, १९७० च्या सुमारास त्यांनी व्यवसाय सोडला, आणि मधल्या काळात स्पीड ग्राफिक व रोलायफ्लेक्स हे कॅमेरे त्यांच्या हातात होते. स्पीड ग्राफिकच्या एका खोक्यात दोन बाजूंना मिळून दोनच फिल्म मावत. रोलायफ्लेक्समध्ये एका रिळावर बारा चित्रे निघत, परंतु तो छातीशी धरून वरून आत पाहावे लागे. मंत्री विमानाच्या जिन्यावरून उतरतो तेवढ्या वेळात एक, फार तर दोन चित्रे. साडी नेसून, पुरुषांच्या गर्दीत हे धूड सांभाळणाऱ्या या बाईंच्या चित्रांत जो नेमका क्षण सापडतो, त्याचे श्रेय त्यांच्या नजरेला आहेच, पण त्या नजरेला थांबायला शिकवणाऱ्या तुटपुंज्या शिध्यालाही ते काही अंशी द्यावे लागते.

हा शिधा स्वातंत्र्यानंतरही भारतात तुटपुंजाच राहिला. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी फिल्म दुर्मीळ होती; पूर्व जर्मनीची ओरवो आणि उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची इंदू यांवर व्यवसाय चाले, आणि घरोघरी ॲग्फाचा क्लिक थ्री हा बारा चित्रांचा साधा कॅमेरा असे. व्यावसायिकाच्या पिशवीत प्रकाशमापक, पिवळी आणि लाल काच, फुंकर मारायचा रबरी फुगा आणि दोन्ही हात बाह्यांतून आत घालून उजेडातही फिल्म हाताळता येईल अशी काळी थैली एवढे हमखास सापडे. लाल काच निळा प्रकाश अडवत असल्यामुळे कृष्णधवल चित्रात आभाळ गडद होते आणि ढग उठून दिसतात. जुन्या दिनदर्शिकांतील नाट्यमय मेघांमागे पुष्कळदा हीच काच असे.

खास कॅमेऱ्यासाठी शिवलेली बॅग ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. फिलाडेल्फिया इन्क्वायररचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास कॅनव्हासची, फारसे अस्तर नसलेली, चालता चालता भिंग बदलता येईल अशी बॅग बनवून घेतली आणि ती सहकाऱ्यांनी उचलून धरली. इंग्लंडमधील बिलिंगहॅम ही कंपनी तर मासे पकडणाऱ्यांसाठी बॅगा शिवत होती आणि छायाचित्रकारच त्या विकत घेत आहेत हे तिच्या नंतर लक्षात आले.

अंकीय कॅमेऱ्याने फिल्म घालवली, पण ओझे घालवले असे म्हणता येत नाही. ६४ जीबीच्या नखाएवढ्या कार्डावर, चित्राची कच्ची माहिती न आवळता साठवली तरी, हजाराहून अधिक चित्रे मावतात, म्हणजे छत्तीसच्या रिळांच्या जवळजवळ तीस डब्या वाचल्या. त्या जागेत बॅटऱ्या, चार्जर, कार्ड वाचणारे यंत्र, हार्ड डिस्क आणि लॅपटॉप आले. १९८२ चा निकॉन एफएम-टू बॅटरी संपली तरी सर्व वेगांवर चालत असे, केवळ प्रकाशमापक बंद पडे. आजचा कॅमेरा बॅटरीविना निव्वळ वजन होय. विमानप्रवासात लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या सामानकक्षात देता येत नाहीत, हाताशी ठेवाव्या लागतात. भिंगे मात्र खरोखर हलकी झाली: कॅननचे ६०० मिलिमीटरचे मोठे भिंग १९९९ च्या आवृत्तीत ५.३६ किलोचे होते, त्यानंतरच्या आवृत्तीत ३.९२ किलोचे आणि २०१८ मध्ये ३.०५ किलोचे झाले.

ताडोब्याच्या जिप्सीत या भिंगाला टेकू म्हणून तिपाई चालत नाही, कारण पाय पसरायला जागा नसते. तेथे बीनबॅग वापरतात, म्हणजे पँटच्या दोन पायांसारखी शिवलेली जाड कापडी पिशवी, जी गाडीच्या कडेवर खोगिरासारखी दोन्ही बाजूंना लोंबते आणि भिंग तिच्या मध्यावर रुतून बसते. जाणकार ती घरून रिकामी नेतात आणि मुक्कामाच्या गावी वाण्याकडून तांदूळ किंवा डाळ घेऊन भरतात. सफारी संपल्यावर धान्य तिथेच कोणाला तरी देतात. साऱ्या बॅगेतील ही सर्वात स्वस्त वस्तू, आणि शटरचा वेग कमी असताना हजारोंच्या उपकरणांपेक्षा अधिक कामाची.

कोकणात आणि घाटमाथ्यावर शत्रू वजन नसून दमटपणा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की भिंगाच्या आतल्या काचांवर बुरशीचे जाळे धरते, ते काचेवरील लेप खाते, आणि अशा भिंगातून उजेडाकडे पाहिले की चित्र दुधाळ येते. पावसाळाभर बॅगेतच बंद ठेवलेला कॅमेरा म्हणूनच सर्वाधिक धोक्यात असतो, कारण ओलावा धरून ठेवणारे अस्तर त्याच्याभोवती असते. ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवली म्हणजे झाले, हा गैरसमज आहे. निळे खडे गुलाबी झाले की त्यांची शक्ती संपलेली असते आणि ते तापवून पुन्हा निळे करावे लागतात. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान, एवढ्याने भागते.

खिशातल्या फोनने यातले बरेच सामान पुष्कळांच्या लेखी निकालात काढले आहे आणि जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवरून ते भंगारात चालले आहे. संग्रहालये निगेटिव्ह आणि प्रती घेतात, क्वचित कॅमेराही घेतात. परंतु फिल्मची खोकी, न वापरलेले बल्ब, रसायनांच्या प्रमाणांच्या वह्या, हाताने शिवलेल्या थैल्या आणि गिऱ्हाइकांच्या नोंदवह्या यांना कोणी विचारत नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत तीन-तीन पिढ्या चाललेले स्टुडिओ अजून आहेत. त्यांच्या वारसांनी हे सामान विकण्याआधी त्यातील प्रत्येक वस्तूची यादी करावी, ती कशासाठी वापरत हे घरातल्या जाणत्याकडून लिहून घ्यावे आणि ती यादी जिल्ह्याच्या इतिहास मंडळाकडे किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सोपवावी.